सिवेमाबीचं मयत

मकोये ड्रायव्हर कचेरीमागच्या कडुनिंबाखाली आला तो बायका नेसतात ते कांग्याचं कापड डोक्याला गुंडाळून आणि छाती पिटत. "गेली हो, आमची सिवेमा गेली," असा त्याने जो गळा काढला, तो ऐकून समोरच्या इमारतीतला पहारेकरीसुद्धा फाटकाबाहेर आला. गेलेली सिवेमाबी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून भात वाढत होती. तिने एकदा मान वर करून पाहिलं आणि वाढणं चालू ठेवलं.

मकोये सुकुमा जमातीचा आणि सिवेमाबी झारामो, म्हणजे दोघांत थट्टेचं नातं. आमच्याकडे हे जमातीजमातींत आजे-पणज्यांपासून चालत आलेलं आहे. सुकुमाने झारामोला वाट्टेल ते बोलावं, झारामोने रागवायचं नाही. उलट उत्तर मिळालं की सुकुमानेही नाही. एकाच्या घरी कोणी गेलं, तर दुसऱ्याने मयताला जाऊन गेलेल्याची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं, आणि घरातली एखादी वस्तू उचलून न्यायची. ती सोडवायची तर तो सांगेल ते करावं लागतं. सख्खे लोक जे बोलायला कचरतात, ते तोंडावर बोलायचा हक्क या एका माणसाला असतो. पण जिवंत बाईचं मयत मांडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्याला कारण होतं. सरकारी कचेऱ्या एकेक करून दार-एस-सलामहून नव्या राजधानीत, दोदोमाला हलत होत्या आणि आमच्या खात्याची पाळी आली होती. कपाटं, खुर्च्या, फायलींचे गठ्ठे ट्रकांत चढत होते. नवरा वारला तेव्हापासून सिवेमाबी आमच्या कचेरीमागे रांधत होती. नारळाच्या दुधातला भात, घेवडा, माशाचं कालवण. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे तिच्याच बाकांवर जेवायचे, आणि उशिरा येणाऱ्याला, मग तो साहेब का असेना, खरवड मिळायची. आता जेवणारेच निघाले होते.

तिची मुलगी रेहेमा शहराच्या कडेला म्बागालाला राहते. तिने घरामागची खोली रंगवून घेतली, पलंग आणला आणि आईला म्हणाली, पुष्कळ धूर खाल्लास, आता बसून खा. सिवेमाबी हो म्हणाली. आम्हीही सगळे बरं झालं, बरं झालं म्हणालो. तूच चल की दोदोमाला, असं एकदोघे म्हणाले होते, पण तिने ते हसण्यावारी नेलं होतं. समुद्र सोडून इतकं आत जायचं, जिथे नारळ नाही, मासा नाही, तिथली माणसं खातात तरी काय, असं तिचं म्हणणं. किनाऱ्यावरच्या लोकांना हा जुना गर्व आहे.

मकोयेने मग मयतापुढे भाषण केलं. बाई मोठी भांडखोर होती, म्हणाला, आणि तिचा मासा तिच्यासारखाच काटेरी. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, हा म्झावा कारकून बघा, पारे डोंगरातला चिक्कू, अश्रूसुद्धा जपून खर्च करतोय. सगळे हसले. सिवेमाबीही हसली आणि म्हणाली की सुकुमांच्या घरी कोणी गेलं की रडायचं काम गुरांकडे असतं, माणसं जेवायला बसलेली असतात.

मग मकोयेने आवाज खाली आणला.

"कशानं गेली ते विचारा ना. ताप नाही, खोकला नाही, हातीपायी धड होती बाई. आरामानं गेली. लेकीनं पलंग आणला नि ही त्याच्यावर आडवी झाली. उद्यापासून हिला हिच्या नावानं हाक मारणारं कोणी नाही. रेहेमाची आई, बस. तेवढंच."

हसू थांबलं. रेहेमा तिथेच बाजूला रिकामी भांडी बांधत होती, तिचा चेहरा उतरला. सिवेमाबीच्या हातातला डाव भातात तसाच राहिला. आणि रागवता तर येत नव्हतं.

मकोयेने तिचं सगळ्यांत मोठं पातेलं उचललं. मयताची वस्तू आता आपली, म्हणाला, सोडवायची असेल तर दोदोमाला येऊन आम्हाला एक वेळ जेवायला घालायचं. मग पातेलं घेऊन जा आणि झोप खुशाल. असं म्हणून त्याने ते ट्रकमधल्या दोन कपाटांच्या मध्ये नेऊन अडकवलं.

रेहेमाला ते मुळीच पटलं नाही. नवीन पातेलं घेऊ, त्या बडबड्याच्या नादी लागू नकोस, असं ती परत परत सांगत होती.

"पातेलं कुठंही मिळेल गं," सिवेमाबी म्हणाली, "पण सुकुमाकडची वस्तू सोडवली नाही, तर उद्या आपल्या दारी कोणी गेल्यावर हसवायला कोण येणार? एक जेवण घालते नि येते परत."

दोदोमात आमचे हाल चालले होते. इमारत नवी कोरी, आणि तिच्याभोवती नुसता वारा. ताटात धूळ, दातांत धूळ. दुपारी आम्ही बिस्किटं खाऊन चहा प्यायचो आणि एकमेकांशी विनाकारण भांडायचो. अशात सिवेमाबी बसमधून उतरली, बरोबर पोतंभर नारळ, खोवणी आणि सुकी मासळी. मकोयेच्या घरी उतरली, त्याच्या बायकोची कोळशाची शेगडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कचेरीमागे कामाला लागली. कोपऱ्यावर गोरखचिंचेखाली दामारी नावाची, इथल्या गोगो जमातीची बाई सुकवलेला पाला विकत बसते. या भागात त्याची बुळबुळीत भाजी करतात. सिवेमाबीने ती पाहून नाक मुरडलं आणि दामारीला ऐकू जाईल असं विचारलं की हे शेवाळ माणसं खातात का.

दुपारी आम्ही सगळे ताटं घेऊन जमलो. भात झकास होता. घेवडा मात्र सकाळपासून शिजत होता आणि दाताखाली खड्यासारखा लागत होता. तिने आणखी कोळसा घातला, आणखी पाणी घातलं, तो काही मऊ होईना. साहेब म्हणाले, छान आहे. मी म्हणालो, छान आहे. आम्ही न चावता गिळत होतो आणि ती आमची तोंडं बघत होती.

मकोये खाली मान घालून जेवत होता.

"बोल की," ती त्याला म्हणाली. "जिभेला काय झालं तुझ्या?"

"नाही बी, चांगलं झालंय," मकोये हळूच म्हणाला.

इतक्या वर्षांत 'बी' असं आदराने त्याने तिला कधीच म्हटलं नव्हतं. म्हातारे म्हणायचा, काटे म्हणायचा, मनात येईल ते म्हणायचा. सिवेमाबीचा चेहरा पडला. खोटं मयत तिने हसत सोसलं होतं, पण हा आदर तिला सोसला नाही. थट्टेच्या नात्यातला माणूस कीव करायला लागला, की त्याच्या लेखी आपण खरोखरच संपलो. हे तिलाच नाही, तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं. मला तर ताटातून मान वर करवेना.

जेवणं आटपल्यावर मकोयेने पातेलं स्वतः घासून आणून तिच्यापुढे ठेवलं. ठरलं होतं ते झालं, म्हणाला, उद्याच्या बसमध्ये बसवून देतो.

"ने ते परत," सिवेमाबी म्हणाली. "हे जेवण नव्हतं. उद्या या सगळे."

त्याने काही बोलायच्या आत ती उठली आणि सरळ गोरखचिंचेखाली गेली. दामारीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली. सकाळी आपण काय बोललो ते तिला आठवत असणारच, कारण थोडा वेळ ती नुसतीच त्या पाल्याकडे बघत होती.

"बाई, तुमच्या पाण्याला झालंय तरी काय?" तिने शेवटी विचारलं.

दामारी हसली. "पाण्याला काही झालेलं नाही. ते खारट आहे, आमच्यासारखंच. त्याची समजूत काढावी लागते."

तिने पदराच्या गाठीतून कोरड्या तळ्यातल्या खाराचा एक खडा काढून दिला. घेवडा यात भिजव, म्हणाली, शिजतानाही चिमूटभर घाल, जास्त नको. आणि आमचं शेवाळ शिजवतानाही हाच घालतात, हेही सांगायला ती विसरली नाही. सिवेमाबीने निमूटपणे ऐकून घेतलं. मग जाऊन खोवणी आणली, नारळ फोडला, आणि दूध कसं काढायचं ते दामारीला दाखवायला बसली. दामारीने ते आयुष्यात पहिल्यांदाच चाखलं. कचेरी सुटली तरी दोघी तिथेच बोलत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही जरा भीतभीतच गेलो. या वेळी ताटात भात होता, घेवडा होता, आणि कडेला थोडी दामारीची भाजी. तिलाही नारळाचं दूध लावलेलं. घेवडा जिभेवर ठेवला की विरत होता. कोणी बोलेना. बोलायला तोंड रिकामं नव्हतं. साहेब दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उठले, मग इतरांनीही लाज सोडली. शेजारच्या कचेरीतले लोक वासाने येऊन कुंपणाशी उभे राहिले.

सिवेमाबी कोणाकडेच बघत नव्हती. तिचं लक्ष फक्त मकोयेकडे होतं. तो बराच वेळ जेवला. मग ताट खाली ठेवून उभा राहिला, हात पुसले आणि घसा साफ केला.

"हा घेवडा इतका मऊ कसा झाला सांगू?" तो सगळ्यांना म्हणाला. "म्हातारीनं काल संध्याकाळभर त्याला स्वतःच्या तरुणपणाच्या गोष्टी सांगितल्या. बिचारा ऐकून ऐकून गळून गेला."

मागची भिंत दुमदुमेल असे लोक हसले. सिवेमाबीने डाव त्याच्यावर रोखला.

"आणि तुझ्या ताटात तिसऱ्यांदा कसा गेला रे तो? गुरांमागे हिंडून सुकुमा रवंथ करायला शिकलेत वाटतं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायची तिला फुरसत नव्हती, कारण रांग वाढत होती. मी पारे माणूस, पण त्या दिवशी मलाही भरून आलं, आणि मी ते लपवलं नाही.

तासाभराने रेहेमाचा फोन आला. कोणती बस धरतेस, स्थानकावर न्यायला येते, असं ती विचारत होती. सिवेमाबी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पण तिला हळू बोलायची सवयच नाही.

"रेहेमा, त्या खोलीत पोरांना अभ्यासाला बसव," ती म्हणाली. "राग धरू नकोस. ईदेला येईन मी, झोपेन तुझ्या पलंगावर, पाहुणी म्हणून. इथं जेवायला माणसं उभी आहेत गं, आणि मला नावानं हाक मारताहेत."

पलीकडून रेहेमाने विचारलं असावं की तिथे थंडी असते म्हणे, पांघरूण आहे का, कारण सिवेमाबी म्हणाली, "घेईन. तू रडू नको." फोन ठेवून ती बराच वेळ भिंतीला हात लावून उभी होती. समुद्र, लेक, नवऱ्याची कबर, सगळं तिकडेच राहिलं होतं.

ऊन उतरायला लागल्यावर ती दामारीला घेऊन गावाबाहेरच्या टेकडीकडे निघाली. परक्या शेगडीवर किती दिवस रांधायचं, तीन दगडांची आपली चूल हवी, म्हणाली. मकोयेने गाडी काढतो म्हटलं, तर तिने नको म्हटलं. चुलीचे दगड ज्या बाईची चूल तिनेच आणायचे असतात.

कचेरी सुटायच्या वेळी दोघी परत आल्या. सिवेमाबीच्या डोक्यावर कांग्याची चुंबळ, त्यावर सगळ्यांत मोठा दगड, मान ताठ. वाऱ्याने धूळ उडत होती आणि ती सावकाश, एकेक पाऊल जपून टाकत येत होती. साहेबांची गाडी फाटकातून निघत होती, ती थांबली. आम्ही सगळे रस्त्यातून बाजूला झालो. तिने कचेरीमागे जागा पाहिली, वाऱ्याकडे पाठ करून दगड खाली ठेवला, तो हलत नाही ना ते पायाने दाबून पाहिलं, आणि चुंबळ झटकून बाकीचे दोन आणायला परत निघाली.