बाईसाहेबांचा चरण्याचा वेळ

बाईसाहेब ही घोडी होती, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढच्या काही ओळींत एखाद्या खऱ्या बाईसाहेबांचा उगाच अपमान व्हायचा.

रंग तांबूस, पोट नगाऱ्यासारखं, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आपल्याला या पागेत चुकून आणलेलं आहे आणि त्याबद्दलची तक्रार वरपर्यंत गेलेली आहे. पण पागेतल्या सहा घोड्यांत इतकं गरीब जनावर दुसरं नव्हतं. घोड्याला घाबरणारी पोरं पहिल्यांदा बाईसाहेबांच्याच पाठीवर बसायची, आणि उतरायची वेळ आली की भोकाड पसरायची. पागेची निम्मी शिकवणी त्यांच्या पाठीवर चालत होती म्हणा ना.

पागा भाचीची. आणि भाचीकडे पानगळीपासून राहायला आलेली मावशी. मावशीनं चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्याहून मन लावून परीक्षेच्या हॉलमध्ये पहारा दिला. तिच्या नजरेतून एक चिठ्ठी कधी सुटली नाही. मोज्यातली नाही, डब्यातली नाही, पट्टी बांधलेल्या अंगठ्यातली तर नाहीच नाही.

भाचीकडे आल्यापासून मात्र तिला कोणी काही करू देत नव्हतं. कप विसळायला घेतला, की भाचजावई धावत यायचे. "अहो मावशी, राहू द्या! तुम्ही बसा बरं." बसून बसून मावशीला त्या खुर्चीची चारही पायांनिशी ओळख झाली होती. आदरानं बसवून ठेवायचं म्हणजे पाहुणं करून ठेवायचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. शाळेत तपासणीसाठी येणाऱ्या साहेबांना ती अशीच बसवत असे.

म्हणून कुरण हिरवं व्हायला लागलं त्या सकाळी भाची म्हणाली, "मावशी, बाईसाहेबांच्या चरण्याकडे तू बघशील?" तेव्हा मावशी इतक्या चटकन उठली, की भाची दचकली.

"काय बघायचं?"

"घड्याळ. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं चरू द्यायचं, मग रोज पाच-पाच मिनिटं वाढवायची. सोडायच्या आधी सुकं गवत पोटभर. आणि ऊन चढायच्या आत परत."

"एवढं गं काय? गवतच तर आहे."

"तेच तर. घोडा एकटा कुठे पचवतो? त्याच्या पोटात बारीक बारीक जीव असतात, लाखोंनी. खरं काम त्यांचं. हिवाळाभर त्यांना सुक्याची सवय लागलेली. त्यात एकदम हे कोवळं, साखरेनं भरलेलं पडलं, की सगळं बिनसतं. पोटशूळ उठतो. आणि कधीकधी पोटातलं खुरांत उतरतं."

"पोटातलं खुरांत?"

"उतरतं. खूर आतून सुजतात, तापतात. दोन वर्षांपूर्वी हिच्या उतरलं होतं. चार महिने धड उभी राहत नव्हती. आता पुन्हा झालं ना, तर..." भाचीनं वाकून बाईसाहेबांच्या खुरांना हात लावून पाहिला, गार लागल्यावर सरळ झाली आणि भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवलं. "रोजची मिनिटं इथे लिहायची."

"अगं, चौतीस वर्षं मी घंटा देत आले," मावशी म्हणाली, आणि खडूचा तुकडा पदरात बांधला.

पहिले दोन दिवस काटेकोर गेले. तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. वेळ संपला तशी मावशीनं दावं धरलं. बाईसाहेबांनी मान वर केली आणि मावशीकडे नुसतं पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यातून गवताची एक काडी लोंबत होती. रडणारी मुलं मावशीनं पाहिली होती, खोट्या तापाची पाहिली होती, वडिलांना घेऊन येणारीही पाहिली होती. हा नुसतं बघण्याचा प्रकार अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

"बरं, पाच मिनिटं," मावशी म्हणाली. "कोणाला सांगू नका."

पाचाची दहा झाली, दहाची पंधरा. फळ्यावर मात्र भाचीनं ठरवलेलाच आकडा सुवाच्य अक्षरात चढत होता. ज्या बाईनं चौतीस वर्षं दुसऱ्यांची कॉपी पकडली, ती आता रोज सकाळी नऊ वाजता स्वतः कॉपी करत होती, आणि खरं सांगायचं तर तिला फार मजा येत होती.

सातव्या दिवशी, रविवारी, फळ्यावर पंचेचाळीस मिनिटं लागली. दहा वाजता बाईसाहेबांनी सुक्या गवताला तोंड लावलं नाही. मग वरचा ओठ वर मुडपला. मग मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघू लागल्या, जणू तिथून कोणी हाक मारतंय. पुढच्या पायानं त्यांनी जमीन खरवडायला घेतली, तेव्हा भाचीचा चेहरा उतरला. तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

डॉक्टरीणबाई वयानं लहान आणि तुटक बोलणाऱ्या होत्या. त्यांनी कानातली नळी कुशीला लावून बराच वेळ ऐकलं.

"आतड्याचा आवाज मंद आहे. लीद?"

"सकाळपासून नाही."

"किती चरली?"

भाचीनं फळ्याकडे पाहिलं. "पंचेचाळीस मिनिटं."

"रोज वाढवत?"

"पाच-पाचनं. मावशी स्वतः उभी असते."

"मग गवतानं नाही. पंचेचाळीसला असं होत नाही. दुसरं काहीतरी आहे, ते शोधत बसावं लागेल." डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठी घातली. "गवताचं असतं तर आत्ताच नाकातून नळी घालून तेल सोडलं असतं आणि पाय बर्फात ठेवले असते. खुरांचं एकदा सुरू झालं, की मग बर्फाचा उपयोग नाही. आकडा नक्की ना?"

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. आदरानंच पाहिलं. मावशीच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची उभी राहिली. आता उरलेला जन्म तिच्यावर काढायचा, आणि कप विसळायला कोणी देणार नाही. पण शेजारी बाईसाहेब पुन्हा कुशीकडे वळून बघत होत्या.

"आकडा खोटा आहे," मावशी म्हणाली. "आज तासभर चरली ती. कालही पंधरा मिनिटं वरची दिली मी. रोजच देते. मीच लबाडी केली."

"मावशी!" भाची ओरडली.

"तासानंही इतकं होत नाही," डॉक्टरीणबाई थंडपणे म्हणाल्या.

मग शांतता पसरली. परीक्षेच्या हॉलमधली ही शांतता मावशी झोपेतही ओळखेल. कोणाच्या तरी खिशात काहीतरी आहे. तिनं सवयीनं मान वळवली.

"जावईबापू, तुम्ही घाम का पुसताय?"

भाचजावयांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "तसं काही नाही. म्हणजे, सकाळी सहाला पाणी भरायला येतो ना मी. ती बघते हो माझ्याकडे. वीस मिनिटंच सोडतो. फार तर."

"रोज?"

"रोज."

कोपऱ्यात नालबंद दुसऱ्या घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं तो पाय इतक्या हळुवार खाली ठेवला, की घोड्यालाही संशय आला.

"ताई, आता निघालंच आहे म्हणून सांगतो. काल दुपारी हिचे खूर घासले ना, तेव्हा बाहेर फाटकापाशी गवतात उभी केली होती. तोंड चालू असलं, की बाई पाय देते. नाहीतर मला लाथ देते."

"किती वेळ?"

"चार पाय आहेत हो तिला! अर्धा तास."

"भर दुपारी?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "गवतात साखर सगळ्यात जास्त असते तेव्हा?"

"साखरेचं मला कोणी बोललं नाही."

सगळे आता भाचीकडे बघू लागले. मालकीण ती, ओरडायचा हक्क तिचा. पण भाची बुटाच्या टोकानं फरशीवरची काडी सरकवत होती.

"तू सुद्धा?" मावशी म्हणाली.

"संध्याकाळी... शिकवणी झाल्यावर. पोरांना किती सांभाळून घेते ती! बक्षीस म्हणून वीस मिनिटं. मला वाटलं, मी एकटीच."

"काल दोन तास पाच मिनिटं," मावशीनं तोंडी बेरीज सांगितली. "आज आत्तापर्यंत एक तास वीस."

"आता बसलं गणित," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि बाह्या सरसावल्या.

नाकातून नळी गेली, तेल गेलं. घरातला बर्फ पाच मिनिटांत संपला, म्हणून भाचजावई पळत जाऊन कोपऱ्यावरच्या मासेवाल्याकडून दोन पेट्या घेऊन आले. चार टबांत चार पाय, आणि वर बर्फ. बाईसाहेबांना माशांचा वास आवडला नाही, पण त्या दिवशी त्यांचं मत कोणी विचारत नव्हतं. मावशी टबांपाशी बसून वितळलेलं पाणी मगानं काढत होती आणि नवा बर्फ घालत होती. तिचे हात लाल झाले. "तुम्ही बसा" असं कोणी म्हणालं नाही. म्हणायला कोणाला तोंडच नव्हतं.

दुपारी चार वाजता चार शहाणीसुरती माणसं एका शेपटीकडे टक लावून उभी होती. शेपटी हलली की सगळे श्वास धरायचे, आणि ती माशी हाकलून परत खाली आली की सोडायचे. सव्वाचारला ती बाजूला झाली आणि तशीच राहिली. मग जे खाली पडलं, त्याचं वर्णन सभ्य घरात करत नाहीत. भाचजावयांनी मात्र नालबंदाला मिठी मारली, आणि भाचीनं तर चक्क टाळ्या वाजवल्या.

दोन दिवस बर्फ चालू होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी खुरांच्या वरची नाडी बोटांनी दाबून पाहिली, चारही पायांची, एकेक करून. "नाडी शांत, खूर गार. वाचली," म्हणाल्या. "दोन आठवडे नुसतं सुकं. मग पुन्हा पहिल्यापासून."

त्या संध्याकाळी मावशीनं पदराची गाठ सोडली आणि खडू भाचीपुढे ठेवला. "घे. माझ्याच्यानं हे होत नाही."

भाचीनं तिच्याकडे पाहिलं. "चौघांत पहिल्यांदा कोण बोललं?"

"त्याचं काय?"

"काय म्हणजे? तू गप्प राहिली असतीस, तर आम्ही सगळे गप्प राहिलो असतो. मी मालकीण, आणि मी शेवटची बोलले. खडू ठेव तुझ्याकडेच. आणि कुरणाच्या फाटकाची ही किल्लीही ठेव. माझ्यापाशी नको. माझा काही भरवसा नाही."

दोन आठवड्यांनी पुन्हा पहिला दिवस उजाडला. चौदाव्या मिनिटाला बाईसाहेबांनी मान उचलायला घेतली, तशी मावशीनं नजर जमिनीवर ठेवून दावं ओढलं आणि त्यांना चालवत पागेत आणलं. फाटकाला कुलूप घातलं. फळ्यावर लिहिलं: चौदा.

बाईसाहेब रुसल्या. मावशीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. जाता जाता भाची हसली. "आज तुझं काही खरं नाही!"

"असू दे," मावशी म्हणाली. जाळीत सुकं गवत भरताना तिला राहवलं नाही. तिनं एक मूठ जास्त कोंबली. मग क्षणभर थांबली, आणि दारातून बाहेर डोकं काढून ओरडली,

"अगं, मूठभर वर घातलंय गं!"

"सुकं ना? चालेल!" भाची अंगणातून ओरडली.

मावशीनं ते फळ्यावर लिहून टाकलं.