जाईबाईच्या मसाल्याचं प्रमाण

"काकी, रीलच्या पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे," असं श्रेया मला सांगायची. श्रेया म्हणजे माझ्या धाकट्या दिराची मुलगी. तिची आई नर्स, पाळ्या कधीही लागायच्या, म्हणून ही पोर पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्याकडेच जेवली. माझ्या दुकानात धण्याच्या पोत्यावर बसून अभ्यास केला. मिरचीने शिंका आल्या की नाक माझ्याच पदराला पुसायची. हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढे मी चिडले की म्हणाल, शेवंतीचं तोंड फार सुटतं.

लालबागला माझा मसाल्याचा डंक आहे. गिऱ्हाईक मिरच्या, धणे, गरम मसाला आणतं, आम्ही भाजतो आणि डंकाच्या लोखंडी मुसळांखाली कांडून देतो. होळी झाली की पावसापर्यंत जेवायला फुरसत नसते. नवीन बाई आली की ती डंकासमोर स्टूल ओढून बसते. आपल्याच मिरच्यांचा मसाला आपल्याला मिळतोय ना, यावर तिचा डोळा. त्यात मला राग नाही, रीतच आहे ती.

दुसरी रीत माझी. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं असतं, कोणाची बेडगी जास्त, कोणाची लवंगी, आणि एका घरचं प्रमाण मी दुसऱ्या घराला सांगत नाही. सख्ख्या जावांनी विचारलं तरी नाही. आता आमच्या रघुचे कान वीस वर्षं डंक चालवून गेलेत. त्याला ओरडूनच सांगावं लागतं. म्हणून दुकानात कोणी असलं की मी हाताचा आडोसा करून त्याच्या कानात ओरडते. बायका हसतात. हसेनात का! गल्लीत इतके डंक असून त्या माझ्याकडे येतात त्या यासाठीच.

आणि जाईबाई. वरळी कोळीवाड्याची, बाजारात मासे घेऊन बसते. तिच्या सासूने मरताना मसाल्याचं प्रमाण थोरल्या सुनेला न देता हिला दिलं. त्यावरून घरात महाभारत झालं, पण जाईबाईने तोंड उघडलं नाही. तिच्याशिवाय ते ठाऊक होतं फक्त मला आणि रघुला. तीस वर्षं ती सकाळी येते, गच्चीवर वाळवलेल्या मिरच्यांची पिशवी माझ्यापुढे ठेवते, "येते गो शेवंते" म्हणते आणि बाजारात निघून जाते. संध्याकाळी येऊन डबा नेते. स्टुलावर ती कधी बसली नाही. एकदाही नाही.

तर श्रेया. कॉलेज संपलं, नोकरी मिळेना. म्हणाली, काकी, तुझ्या दुकानाचे रील बनवते, तुझंही गिऱ्हाईक वाढेल आणि मला दाखवायला काम होईल. मी म्हटलं, बनव बाई. पोरीने मेहनत घेतली, खोटं कशाला बोलू! मिरच्यांचा ढीग, कढईतला धूर, डंकाची मुसळं, सगळं छान काढलं. पण बघणारे जेमतेम दोन-तीनशे, त्यातले निम्मे आमचेच नातेवाईक. श्रेयाचं तोंड एवढंसं व्हायचं. मला वाईट वाटायचं.

एका सोमवारी दुकान बंद होतं. जाईबाईची पिशवी आदल्या दिवशीची राहिली होती, म्हणून मी आणि रघु तेवढी कांडायला आलो. श्रेयाही आली, फोन स्टँडवर लावला. मी प्रमाण सांगायला रघुच्या कानाशी गेले, तर ही म्हणते, "अगं काकी, आडोसा काय करतेस, चेहराच दिसत नाही. मोकळं ओरड ना!"

"मोकळं कसं ओरडू? जाईबाईचं प्रमाण आहे ते."

"आवाज कुठे ठेवणारे मी? वरून गाणं टाकणार. तुझी शप्पथ."

माझी शप्पथ, माझ्या गळ्याला हात लावून! आणि मी बावळट, मोकळं ओरडले. एकेक जिन्नस, एकेक माप, शेवटी ती एक गोष्ट जी कोणी मसाल्यात घालत नाही. कुठली ते तुम्हालाही सांगणार नाही. व्हिडिओत ऐकली असेल तर ऐकली असेल, माझ्या तोंडून पुन्हा ऐकायची नाही. रघु हसला आणि म्हणाला, "वहिनी, आज पहिल्यांदा नीट ऐकू आलं." तेही हिने ठेवलं.

चार दिवसांनी शिवाजी पार्कच्या दोन बायका आल्या, सकाळी फिरायला जायच्या बुटांवरच. म्हणाल्या, "तो जाईबाईंचा सिक्रेट मसाला द्या ना." मी म्हटलं, कोण जाईबाई? त्यांनी फोन पुढे केला. त्यात मी, घामाने डबडबलेली, गळ्याच्या शिरा ताणून जाईबाईचं घर चव्हाट्यावर मांडत होते. वर जाईबाईचं नाव, खाली मोठ्या अक्षरांत एकेक माप, ऐकू नाही आलं तर वाचा! गाणंबिणं काही नाही. बघणारे तीन लाख.

मी त्या बायकांना काय सांगून वाटेला लावलं आठवत नाही. श्रेयाला बोलावून घेतलं. ती हसतच आली, हातात पेढे.

"काकी, बघितलंस? तीन लाख! आणि मला नोकरी लागली गं, लोअर परळला, जाहिरातीच्या एजन्सीत!"

"आवाज ठेवणार नव्हतीस ना तू?"

तिने पेढे ठेवले. "गाणं लावून बघितलं मी आधी. मग एकदा तुझ्या आवाजात ऐकलं. काकी, तो आवाजच तर भारी होता! तोच लोकांना थांबवतो."

"तुला माहीत होतं ते कोणाचं आहे."

"मसाला आहे गं, काकी. कोणाची पत्रिका नाहीये."

तिथे माझं डोकं सणकलं. "काढून टाक आत्ताच्या आत्ता," मी म्हटलं. अकाउंट दुकानाच्या नावाचं, पण पासवर्ड तिच्याकडे, फोन तिचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ती मग म्हणाली, "इंटरव्ह्यूत हाच दाखवलाय मी. पुढच्या सोमवारी जॉइनिंग आहे. तेवढं होऊ दे, मग काढते. शप्पथ."

मी पेढ्यांचा बॉक्स तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "परत माझी शप्पथ घेऊ नकोस." ती रडली. मीही रडले, पण ती गेल्यावर. दहा वर्षांची असताना ताप आला की हिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत रात्रभर बसले होते मी. आणि मला विकायला हिला एक गाणंसुद्धा आड घालवेना.

पुढच्या सोमवारी तिने व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो दुसऱ्या दहा जणांनी आपापल्या पानावर लावला होता. आमच्याच गल्लीत एकाने पुठ्ठा टांगला, 'व्हिडिओवाला कोळी मसाला मिळेल'. लोक माझ्याकडेही यायचे, रोज वीस-पंचवीस. मी एकालाही तो मसाला दिला नाही. रघु म्हणायचा, वहिनी, आता काय उपयोग! उपयोग नाही, माहीत आहे मला.

जाईबाईला फोन करायचं धाडस झालं नाही. कोळीवाड्यातून कानावर आलं की तिच्या थोरल्या जावेने तो व्हिडिओ घरात सगळ्यांसमोर मोठ्याने लावला. आणि म्हणाली, सासूने तुला दिलं, आणि तू बाजारात वाटलंस.

पंधरा दिवसांनी ती आली. हातात मिरच्यांची पिशवी. मला वाटलं, दुसरीकडे नाही गेली, माझ्याकडेच आली, देवा, निभावलं. मी पुढे झाले आणि सगळं एका दमात बोलले, श्रेया, शप्पथ, गाणं, पासवर्ड. तिने ऐकून घेतलं.

"शिव्या घाल गो," मी म्हटलं. "पण काहीतरी बोल."

तिने पिशवी माझ्यापुढे ठेवली. 'येते' म्हणाली नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, डंकासमोर ठेवलं, आणि माशांची टोपली पायाशी घेऊन बसली.

रघुने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या कानाशी गेले, हाताचा आडोसा केला.

"आता कानात कशाला, शेवंते?" मागून जाईबाई म्हणाली. "मोठ्यानं सांग. सगल्यांना ठाऊक हाय."

माझा हात रघुच्या कानाशी तसाच राहिला. मग तीच बोलली, बसल्या जागेवरून, भरल्या दुकानात, रघुला ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात, एकेक जिन्नस, एकेक माप. मी मापं भरत गेले. आणि शेवटची मिरची कुटून होईपर्यंत तिने माझ्या हातांवरची नजर हलवली नाही.