बर्फात टाकलेलं मीठ

वाशीत इमारतीमागचा ट्रान्सफॉर्मर जळला, त्याला दुसरा दिवस लागला तरी वीज आली नव्हती. मे महिना. दिलीपच्या घरातला फ्रीज आतून कोमट झाला होता आणि त्यात त्याच्या मुलीच्या, मीनाच्या इन्सुलिनची एकुलती एक बाटली होती. नऊ वर्षांच्या मीनाला सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इंजेक्शन लागायचं.

खालच्या मजल्यावरचे झहूरभाई सारसोळ्याला ओळखीच्या कोळ्याकडे गेले आणि बर्फाची लादी घेऊन आले. अर्धी त्यांनी दिलीपला दिली. दिलीपने ती फोडून डब्यात भरली. मग त्याला आईस्क्रीमचा संचा आठवला. भोवतीच्या बर्फात खडेमीठ टाकलं की गारवा वाढतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. मीनाचं दुखणं कळल्यापासून संचा माळ्यावरच पडून होता. त्याने बर्फात मूठभर मीठ टाकलं, मधोमध बाटली खोचली आणि समाधानाने झाकण लावलं.

संध्याकाळी त्याच्या बायकोने, वैजयंतीने बाटली काढून हलवली. आतलं काही हललंच नाही.

"अहो, हे गोठलंय."

"नुसत्या बर्फात कसं गोठेल?" असं म्हणता म्हणताच दिलीपने डब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी मीठ टाकलं होतं."

"मिठानं काय होतं?"

"मिठाचं पाणी शून्याला गोठत नाही, त्याला आणखी थंडी लागते. म्हणून बर्फ वितळत राहतो आणि वितळताना उष्णता ओढून घेतो. सगळंच शून्याच्या खूप खाली जातं." तो खाली बसला. "मला माहीत होतं हे. बाटलीचं कसं सुचलं नाही?"

तळहातात धरून त्यांनी बाटली वितळवली. पण आत पांढऱ्या गुठळ्या राहिल्या, हलवूनही विरेनात.

"हे मी तिला टोचणार नाही," वैजयंती म्हणाली.

वाशीतल्या औषधाच्या दुकानात इन्सुलिन संपलेलं. झहूरभाईंनी स्कूटर काढली. "चेंबूरला मिळेल. चला." त्यांची बायको आबिदा वर येऊन मीनाजवळ बसली. मीना भुकेली होती, सारखं पाणी मागत होती. सुई टोचल्याशिवाय तिला जेवता येत नव्हतं.

खाडीपुलावर दिलीप मागून म्हणाला, "पोरीच्या औषधाची मीच वाट लावली, झहूरभाई."

"बर्फ कोनी आणला? आमीच ना? मग अर्धी चूक आमची."

पहिल्या दुकानात मिळालं नाही, दुसऱ्यात मिळालं. दुकानदाराने बजावलं, "गोठू देऊ नका. फ्रीज बंद असला तर माठाला टेकवून ओल्या फडक्यात ठेवा. तेवढं पुरतं."

ते परतले तेव्हा मीना आबिदाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. वैजयंतीने सुई टोचली. थोड्या वेळाने मीना भाकरी आणि वालाचं बिरडं मुकाट्याने जेवली, मग आबिदाशी भेंड्या खेळायला बसली.

दिलीप ओट्याशी उभा राहून नव्या बाटलीला ओलं फडकं गुंडाळून ती माठाला टेकवत होता. वैजयंतीने त्याचंही ताट वाढलं.

"मला भूक नाही."

"तिचं औषध जास्त गार राहावं म्हणूनच मीठ टाकलंत ना?" ती म्हणाली. "दुसऱ्या कुणासाठी नव्हतं टाकलं. बसा."

तो बसला. त्याने भाकरीचा तुकडा मोडला. ती जवळ बसून राहिली.