हॅडलीसाहेबांची मिशी

मी एक जुनी मिशी आहे, आणि तीही खोटी. पण मित्रांनो, खोट्या मिशीलाही पीळ असतो! लंडनच्या एका म्हाताऱ्या कारागीर बाईने बारीक जाळीवर एकेक केस गाठ मारून बसवला आणि मला घडवले. मग नॉर्मन हॅडली या नटाच्या ओठावर मी चाळीस वर्षे काढली. ते कधी नायक झाले नाहीत. इन्स्पेक्टर, पोस्टमास्तर, नवरीचा चिडका काका, असेच काहीतरी. चार वाक्ये बोलायची आणि निघायचे. लोकांना त्यांचे नाव आठवत नसे, पण चेहरा दिसला की सगळे खूश होत. त्यात माझाही वाटा होता, उगाच विनय कशाला!

साहेबांच्या जर्मन पत्नीमुळे आम्ही डार्मश्टाटला आलो. पुढे बाई वारल्या. गेल्या हिवाळ्यात एका इंग्रजी नाटकात साहेब तीनदा वाक्य विसरले, आणि मंडळींनी गोड बोलून त्यांना घरी बसवले. मी डबीत पडून राहिले. फार वाईट दिवस होते ते.

मग वरच्या मजल्यावरची वल्लरी आली. तिने मराठी मंडळासाठी नाटक लिहिले होते. त्यात शेवटी इंग्रज कलेक्टर गाव कायमचे सोडतो आणि एकच शब्द बोलतो, "जातो." साहेबांनी मला आरशासमोर लावले आणि म्हणाले, "हा एक शब्द चुकला, तर पुन्हा स्टेजवर पाऊल ठेवणार नाही." माझा केस न् केस ताठ झाला.

वल्लरीच्या सासूबाई, शोभनाताई, साहेबांना रोज चहाला बोलावून तो शब्द घोटून घेत. पण निघताना साहेबांनी ऐटीत "जातो!" म्हटले की त्या कासावीस होत.

"अहो साहेब, असं म्हणू नये! येतो म्हणा, येतो!"

"अहो आई, त्यांचा डायलॉग बिघडेल! 'जातो'च हवंय, गेनाऊ, अगदी तेवढंच."

"नाटकात काय ते म्हणू देत. माझ्या दारातून 'जातो' म्हणून कुणी गेलेलं मला चालायचं नाही."

प्रयोगाच्या दुपारी हॉल गच्च भरला होता. शेवटच्या प्रवेशात साहेब स्टेजवरच्या दारापाशी वळले आणि थबकले. शब्द येईना. घामाने माझी उजवी कड सुटली. विंगेतून वल्लरी शब्द सांगायला पुढे झाली, तर सासूबाईंनी तिचा हात धरला. "थांब. आठवू दे त्यांना." साहेबांची नजर शोभनाताईंवर गेली आणि तोंडातून निघाले, "येतो."

दीडशे वर्षे राज्य करून कलेक्टर म्हणतो, येतो! मागून कुणीतरी ओरडले, "नको, नको! पुरे झालं!" अख्खा हॉल खदखदून हसला. आपण विसरलो म्हणूनच हसताहेत, असे साहेबांना वाटले. त्यांचा ओठ माझ्याखाली थरथरत होता. संपले सगळे, असे मलाही वाटले.

पण साहेब जागचे हलले नाहीत. हसू ओसरू दिले. मग सुटलेली कड बोटाने दाबून त्यांनी मला सावकाश पीळ दिला, टोपी काढली आणि स्पष्ट म्हणाले, "जातो."

पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. विंगेत येऊन त्यांनी भीत भीत विचारले, "राँग?"

शोभनाताई डोळे पुसत म्हणाल्या, "नो, नो. दोन्ही बरोबर."

मित्रांनो, तुमच्या घरातले म्हातारे माणूस बोलता बोलता अडले, तर घाईने त्याच्या तोंडात शब्द कोंबू नका. त्या दोन क्षणांत ते फार एकटे असते. तेव्हा नुसते शेजारी उभे राहा.