धाकट्याने खिडकीला हात लावू नये

मी थ्रेड बोलतोय. नाव ऐकून सुई शोधायला उठू नका, मी शिवणकामातला नव्हे. संगणकावर प्रोग्रॅम चालतो ना, त्याच्या पोटात राबणारा एक कामकरी मी. तुम्ही मला पाहिलेलं नाही, पुढेही पाहणार नाही. माझे प्रताप मात्र एका चष्म्याच्या दुकानाने पंधरा दिवस भोगलेत.

त्या दुकानाच्या काउंटरवर मावशी बसतात. एकोणीस वर्षं तीच खुर्ची. जुन्या गिऱ्हाइकांना त्या नावाने कमी आणि नंबराने जास्त ओळखतात. ‘ते उणे साडेतीनवाले येऊन गेले का,’ असं त्या अगदी सहज विचारतात. सगळं दुकान त्यांना मावशी म्हणत असलं तरी खरी भाची एकच, आणि हा प्रोग्रॅम तिनेच लिहिलाय.

काम तसं सरळ आहे. गिऱ्हाईक जुना चष्मा देतं, मावशी तो यंत्रावर ठेवतात आणि पडद्यावरचं ‘मोजा’ हे बटण दाबतात. यंत्राने मोजलेला नंबर गिऱ्हाइकाच्या कार्डावर उमटतो, मावशी चिठ्ठी छापतात आणि मागच्या खोलीतला कारागीर तशी काच घासतो. फक्त यंत्र म्हातारं आहे. नंबर सांगायला त्याला चांगलं अर्धं मिनिट लागतं.

माझ्या जन्माआधी सगळी कामं थोरला एकटाच करायचा. थोरला म्हणजे मुख्य थ्रेड. पडद्यावर बटणं आणि रकाने असलेली जी चौकट दिसते, तिला आम्ही खिडकी म्हणतो. ती रंगवायची, बटण कोणी दाबलं ते ऐकायचं, हे सगळं त्याच्याकडे. पण नंबर आणायला तोच यंत्राच्या दारात जाऊन बसला की खिडकीकडे बघायला कोणी उरत नसे. ती गोठायची. मावशी बटण पुन्हा दाबायच्या. मग पुन्हा. एकदा आठ वेळा दाबलं आणि परत आल्यावर आमच्या आज्ञाधारक थोरल्याने आठ वेळा नंबर आणला. तोवर मावशींनी कीबोर्डवर फुंकर मारून पाहिली होती, पडद्यालाही दोन चापट्या देऊन झाल्या होत्या.

तेव्हा भाचीने मला जन्माला घातलं. यंत्राच्या दारात मी बसायचं, थोरल्याने खिडकी सांभाळायची. वाटणी झकास होती. पण ती घाईत होती आणि मला सांगताना म्हणाली, नंबर आण आणि खिडकीतल्या रकान्यात लिहून टाक. कोणाच्या कार्डावरच्या रकान्यात, ते सांगायचं राहिलं. घरी तिच्याकडे चष्म्याचं यंत्र कुठलं असणार? तिने माझ्या हाती एक खोटाच नंबर ठेवला, तो मी डोळ्याचं पातं लवायच्या आत रकान्यात टाकला. ती खूश झाली आणि मी पास झालो.

थोरल्याने पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, की बाबा रे, खिडकीला हात लावायचा तो मी एकट्याने, हा आपल्या घराचा नियम आहे. मी कसला ऐकतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. नंबर मिळाला की मी धावत यायचो आणि थेट खिडकीत हात घालायचो. कधी नेमका थोरलाही तेव्हाच ती रंगवत असायचा. दोघांचे हात एकाच जागी पडले की निम्मी खिडकी पांढरी व्हायची आणि प्रोग्रॅम मान टाकायचा. मावशी निमूटपणे तो पुन्हा सुरू करायच्या.

यापेक्षा मोठा घोळ मात्र कोणाच्या लक्षात आला नाही. मावशींना रिकामं बसणं ठाऊक नाही. यंत्र मोजत असतं तोवर त्या पुढच्या गिऱ्हाइकाचं कार्ड उघडून नाव-पत्ता घालायला घेतात. मी परत येतो तेव्हा समोर असतं ते हे दुसरंच कार्ड. रकाना दिसला की मी लिहून मोकळा. असाच एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा नंबर मी एका निवृत्त मास्तरांच्या कार्डावर लिहिला. बाईंचं कार्ड कोरं दिसलं म्हणून मावशींनी त्यांचा चष्मा पुन्हा मोजला. मास्तरांच्या कार्डावर नंबर होता, म्हणजे त्यांचं मोजून झालं असं धरून चालल्या. मास्तर दुकानात पहिल्यांदाच आलेले, त्यामुळे त्यांचा नंबर मावशींना पाठ नव्हता.

नवा चष्मा घालून मास्तर रस्त्यावर उतरले. रस्त्यावरचा पांढरा पट्टा त्यांना पायरी वाटली आणि ती चढायला त्यांनी पाय इतका उंच उचलला, की मागून येणाऱ्या माणसाने खाली काय पडलंय म्हणून वाकून पाहिलं. घरी जाऊन त्यांनी कपाटाला नमस्कार केला म्हणे. मास्तर दुकानात येऊन हे सांगत होते तेव्हा मी आत पोट धरून हसत होतो.

दहा दिवसांत असे तिघे झाले आणि माझं हसू थांबलं. मालकांनी मावशींना बाजूला बोलावलं. आवाज चढवला नाही, हेच जास्त वाईट होतं. म्हणाले, “मावशी, पहिल्या तारखेपासून तुम्ही मागे बसा. चष्म्याच्या डब्या पुसायच्या, त्यांत कापडं घालायची. काउंटरला मी दुसरं कोणी बघतो.”

मावशी नुसतं “बरं” म्हणाल्या. दुकान रिकामं झाल्यावर त्यांनी एक डोळा तळहाताने झाकला आणि समोरचा अक्षरांचा तक्ता वाचला. मग दुसरा डोळा झाकून वाचला. एकही अक्षर चुकलं नाही, तरी त्यांचा चेहरा काही उजळला नाही.

भाची धावत आली. तीन दिवस मावशींच्या शेजारी खुर्ची टाकून बसली आणि तिन्ही दिवस मी शहाण्यासारखा वागलो. त्यात माझं काही कौतुक नाही. भाची शेजारी असली की मावशी तिच्याकडे वळून बसायच्या. सासूबाईंचा गुडघा कसा आहे, तू एवढी वाळलीस का, जेवतेस ना वेळेवर? एवढं विचारायला अर्धं मिनिट अपुरंच, मग पुढचं कार्ड कोण उघडणार? तिसऱ्या संध्याकाळी भाची हळूच म्हणाली, “मावशी, प्रोग्रॅम ठीक आहे गं. तुझ्याच हातून काहीतरी होत असेल.”

“असेल,” मावशी म्हणाल्या.

मला तेव्हा फार लाज वाटली. चूक माझी होती आणि ती सांगायला मला तोंड नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मावशींना घरी न्यायला आलेली भाची गुपचूप त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. गप्पा मारायला कोणी नाही म्हटल्यावर मावशी रोजच्यासारख्या कामाला लागल्या. यंत्रावर चष्मा ठेवला, बटण दाबलं आणि दुसरा हात पुढच्या कार्डाकडे गेला. मी आलो आणि सवयीप्रमाणे लिहून टाकलं. भाचीच्या डोळ्यांदेखत नंबर भलत्याच नावापुढे उमटला.

“मावशी, थांब. पुढचं कार्ड तू नेहमी आत्ताच उघडतेस?”

“मग? अर्धं मिनिट माशा मारत बसू?”

भाचीने कपाळावर हात मारून घेतला. मग मालकांना बोलावलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, “चूक हिची नाही, माझी आहे. मी घरी बसून प्रोग्रॅम लिहिला. ही काम कसं करते, ते एकदाही येऊन पाहिलं नाही.” मालक चष्मा काढून पुसत बसले. पुसता पुसता म्हणाले, की ते मागे बसायचं राहू द्या.

त्यानंतर मला शिस्त लागली. आता निघताना माझ्या हातात कार्डाचा क्रमांक देतात. नंबर मिळाला की मी दोन्ही एका चिठ्ठीवर लिहितो आणि थोरल्याच्या टोपलीत टाकतो. खिडकीकडे बघायचंसुद्धा नाही. थोरला आपल्या सवडीने चिठ्ठी उचलतो आणि ज्याचा नंबर त्याच्याच कार्डावर लिहितो, समोर कोणाचंही कार्ड उघडं असो. मी येईपर्यंत ‘मोजा’ बटण तो फिकट करून ठेवतो, आठ वेळा दाबलं तरी दाद देत नाही. प्रोग्रॅमने तेव्हापासून एकदाही मान टाकलेली नाही.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरापोरींनो, आम्हा धाकट्यांना खुशाल राबवा, आम्ही कामाला कमी नाही. पण खिडकी थोरल्याच्याच हाती ठेवा. आणि जिच्यासाठी लिहिताय तिच्यामागे एकदा तरी गुपचूप उभे राहा.

मला मात्र एक गोष्ट दुरुस्त करता आलेली नाही. मावशी आता बटण दाबतात आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतात. समोर रांग असते, पुढचं गिऱ्हाईक चुळबुळत असतं, तरी त्या कशालाही हात लावत नाहीत. नंबर आला की तो दोनदा वाचतात, मग गिऱ्हाइकाला नाव विचारतात. एकोणीस वर्षं जे हात कधी थांबले नाहीत, ते मी पंधरा दिवसांत थांबवले. मावशी, एवढं ऐका. उघडा ते पुढचं कार्ड. चूक तुमच्या हातांची कधी नव्हतीच.