दोन खोल्यांमधलं दार
सर्व्हरच्या खोलीत सात यंत्रं होती, दोन टेबलफॅन, एक थर्मामीटर आणि दोन माणसं. कालपर्यंत चाकांवरचा एक एसीही होता. तो मोठ्या साहेबांनी शेजारच्या मीटिंगच्या खोलीत नेला. "इथं कोण बसतं?" एवढंच म्हणाले.

अडतीस अंशांना यंत्रं आपोआप बंद होतात, आणि मग गोदामातून एक खोकंही हलत नाही. आता चौतीस होते. धाकटीचा पाय एका जागी ठरत नव्हता. आयटी विभागात माणसं दोनच, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत आणि केस पिकलेल्या सहकाऱ्याला थोरले.

पलीकडे मीटिंगमध्ये बाहेरच्या कंपनीचे सल्लागार साहेबांना पटवत होते, की तीन वर्षांत काहीच बंद पडलं नाही, म्हणजे या दोघांना कामच नाही.

"बस गं. भिंगरीसारखी फिरू नकोस," थोरले म्हणाले.

"छत्तीस झाले!"

"होऊ दे. बंद पडलं की कळेल आपण काय करतो ते."

"डोंबल कळेल! आपल्यामुळंच पडलं म्हणतील आणि आजच घरी पाठवतील."

तिनं साहेबांना फोन लावला.

"अहो, पाहुणे बसलेत! एसी मिळणार नाही. नेहमीसारखं निभावून न्या."

"यंत्रं बंद पडतील, सर."

"पडता कामा नयेत! काय वाटेल ते करा!" फोन बंद.

दोन खोल्यांमध्ये एक दार होतं, जुन्या कीबोर्डांच्या कपाटाआड गेलेलं. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली.

"अगं, नको," थोरले म्हणाले.

"काय वाटेल ते, म्हणाले ना?"

थोरल्यांनी सुस्कारा सोडला आणि कपाटाची दुसरी बाजू धरली.

दार करकरत उघडलं. एक पंखा तिनं स्टुलावर ठेवला, वरची गरम हवा पलीकडे ढकलायला. दुसरा खाली, तिकडची गार हवा ओढायला. मीटिंगच्या टेबलावरून खर्चकपातीचे कागद भुर्रकन उडाले.

"हा काय प्रकार आहे?" साहेब ओरडले.

"निभावून नेतेय, सर. दार लावलं तर गोदाम थांबेल."

साहेबांनी दाराकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं आणि टाय सैल केला. एका सल्लागारानं कोट काढून खुर्चीवर टाकला आणि कागद गोळा करू लागला.

अर्ध्या तासानं धाकटीनं थर्मामीटर आधी यंत्रांजवळ धरला, मग मीटिंगच्या टेबलावर ठेवला.

दोन्हीकडे एकतीस.