वाडग्यातले गुलाबी पाणी

पांढरी पूड. दोन चमचे सोडा. खिशाचे तुटलेले बटण. दोन महिने बंद पडलेली करवत.

मित्रांनो, या सगळ्यांशी माझा संबंध आला. मी एक जुना काचेचा वाडगा आहे. भट्टीत मला घडवले ते फळे ठेवण्यासाठी, पण माझ्या वाट्याला हात आले. लाचखोरांना पकडणाऱ्या कार्यालयात माझी हयात गेली. सापळ्याच्या नोटांना ती पूड लावतात. नोटा घेणाऱ्याची बोटे माझ्यातल्या सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते. भल्याभल्या साहेबांची बोबडी माझ्या काठाशी वळलेली मी पाहिली आहे.

निघण्यापूर्वी मात्र पथकातल्या प्रत्येकाने माझ्यात हात बुडवायचे असतात. पाणी बदलले नाही, तरच त्याचे हात कोरे.

त्या दिवशी एक म्हातारा सुतार तक्रार घेऊन आला होता. कारखान्याची वीज जोडायला वीज कार्यालयातला कारकून पैसे मागत होता, म्हणून त्याची करवत दोन महिने बंद होती. पूड लावलेल्या नोटा सुताराच्या खिशात ठेवल्या, तर त्या बाहेर डोकावू लागल्या. आमच्या प्रमुख मॅडम पुढे झाल्या आणि बटण तुटलेल्या त्या खिशाला त्यांनी टाचणी लावून दिली. मग रिवाजाप्रमाणे माझ्यात हात घातले.

पाणी गुलाबी झाले.

 हवालदारांनी मला अलगद उचलले. "मॅडम, ओतून टाकतो. सगळी आपलीच माणसं आहेत."

"खाली ठेवा. नोंदीत लिहा, प्रमुखांच्या हाताला पूड होती. मी येत नाही, पथक उपप्रमुख नेतील."

सुताराचा चेहरा पडला. "बाई, म्हणजे माझी केस बुडाली की."

"बुडेलही, काका. पण हे पाणी ओतलं, तर त्या कारकुनाचं पाणी तरी कोणी खरं का मानावं?"

कारकून पकडला गेला. खटल्यात त्याच्या वकिलांनी नोंदीचे तेच पान फडकावले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, हो, माझ्या हातांनी पाणी गुलाबी झाले होते.  स्वतःविरुद्धची गोष्ट लिहून ठेवणाऱ्यांचे बाकीचे लिहिलेलेही खरे मानावे, असे न्यायाधीशांनी निकालात म्हटले. कारकून दोषी ठरला.

आजही ते आठवले की माझी काच शहारते. इतके मोठे पद, आणि त्याहून मोठे ते ओले हात!

आता माझ्या काठाचा टवका उडाला आहे. मी कपाटात असतो, माझ्या जागी नवे भांडे आले आहे. मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कोणी त्या खोलीत आलात, तर ते भांडे नीट विसळा आणि आधी आपले हात बुडवा.

त्या दिवशी मॅडमना प्रमुख होऊन नऊच दिवस झाले होते.